सातपुते घसा दुरुस्त करतात

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात, असं आतल्या पाटीवर लिहिलेलं आहे. त्या आठांत एक सातपुते असले, तर उरलेली सात माणसं ती पाटी फार मन लावून वाचतात. कारण दार बंद झालं, की सातपुते बायकोचं नाव घेतात.

नाव घेतात म्हणजे उखाणा घेतात. तुम्ही दोघं नातवंडं तिकडे लांब वाढलात, तेव्हा सांगायला हवं. आपल्याकडे नवराबायकोनं एकमेकांचं नाव नुसतं घ्यायचं नसतं, दोन ओळींच्या यमकात गुंफून घ्यायचं असतं. तेही लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला, चार बायकांनी वाट अडवली की. सातपुत्यांची वाट कुणी अडवत नाही. ते हातात दुधाची कॅन घेऊन, समोरच्या भिंतीकडे बघत, खणखणीत आवाजात म्हणतात,

“लिफ्टमध्ये बटण दाबलं चौथ्या मजल्याचं,
नलूचं नाव घेतो, काय त्यात लाजायचं.”

तिसऱ्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स म्हणते, “नाइस साँग, सर.” सातपुते मान झुकवतात. मी पाटी वाचते.

हे आमचे शेजारी. दुबईत, अल मनखूलमध्ये आम्ही आलो तेव्हापासूनचे, समोरासमोर दार. वय साठीच्या पुढे, उंची माझ्याइतकी, मिशी मात्र दोन माणसांची. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात थंड पाण्याचा जो मोठा चिलर आहे, त्याची देखभाल सातपुते करतात. तो चिलरही त्यांच्याच वयाचा असावा, कारण त्याची भाषा त्यांच्याखेरीज कुणाला कळत नाही. त्यामुळे कंपनी त्यांना सोडत नाही, आणि त्यांना चिलर सोडवत नाही.

आयुष्यभर बिघाड शोधल्यामुळे सातपुत्यांना जगात माणसं, हवामान, राजकारण असं काही दिसतच नाही. सगळीकडे फॉल्टच दिसतो. तुमच्या आजोबांचा गुडघा दुखला, तर ते विचारतात, “लोडवर दुखतो का नो-लोडवर?” माझी इडली बसली, तर म्हणतात, “वहिनी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज तांदूळ बदला. उद्या तांदूळ पहिलाच ठेवून डाळ बदला. फॉल्ट आयसोलेट झाला की खलास.” मी तांदूळ, डाळ आणि भांडं तिन्ही एकदम बदलली आणि इडली फुगली. सातपुत्यांना ती इडली गोड लागली नाही. फॉल्ट सापडलाच नाही ना.

या माणसानं एके काळी सिगरेटी ओढल्या. भरपूर ओढल्या. नलूनं शेवटी त्यांना देवासमोर उभं करून स्वतःच्या गळ्याची शपथ घालून सोडायला लावल्या. सातपुत्यांनी सोडल्या, आणि तिसऱ्या की चौथ्या महिन्यात बाल्कनीतून पांढरे ढग येऊ लागले. मी विचारलं तेव्हा त्यांनी खिशातून पेनासारखं एक यंत्र काढून दाखवलं.

“शपथ सिगरेटची होती, वहिनी. हिच्यात आग नाही, राख नाही. ही वाफ आहे. इडलीसुद्धा वाफेवरच होते.”

तुमच्यापैकी एकाला या यंत्राची मी ओळख करून द्यायला नको. मागच्या डिसेंबरमध्ये जॅकेटला हापूसचा वास का येतो, असं मी विचारलं, तेव्हा “आजी, इट्स द कार फ्रेशनर” असं उत्तर मिळालं होतं. त्या नातवंडाचं नाव मी घेत नाही. मला यमक सुचलेलं नाही.

आता बाजारात या यंत्रात घालायचं लिक्विड तयार मिळतं. पण तयार वस्तू वापरणं म्हणजे सातपुत्यांना स्वतःच्या बुद्धीचा अपमान वाटतो. शिवाय पंचेचाळीस दिरहम, म्हणजे आपले हजारच्या वर रुपये, कशाचे, तर गोड पाण्याचे. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात लिक्विड करायला घेतलं. निकोटीनची बाटली दुकानातली, बाकी सगळं घरचं. ग्लिसरीन, ते पातळ करायला आणखी एक द्रव, आणि एका आइस्क्रीमवाल्या मित्राकडून आणलेले अर्क. सोनारासारखा छोटा काटा, काचेच्या नळ्या, रबरी हातमोजे. नलू घरात असती, तर यातली एकही वस्तू ओट्यावर टिकली नसती. पण नलू सांगलीला तिच्या बहिणीकडे होती.

नलूचं थोडं सांगते. एकदम हसरी बाई. दुबईच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि सातपुते इतक्या वेळा नापास झाले, की परीक्षक त्यांना “यल्ला सातपुते, अगेन?” असं विचारू लागला होता. मग बरीच वर्षं नलूच गाडी चालवायची आणि सातपुते शेजारी बसून इंजिनचा आवाज ऐकायचे. गेल्या काही वर्षांत तिला विसरायला होऊ लागलं. आधी डबे, मग माणसं, मग मजले. एकदा ती खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीत स्टिअरिंग धरून बसलेली सापडली. ते दिवसभर कामावर, ही एकटी. सांगलीच्या गल्लीत तिचं बालपण गेलेलं. तिथे ती कुठेही निघाली तरी कुणी ना कुणी हाताला धरून घरी आणून सोडतं. म्हणून ती तिथे, हे इथे, आणि रोज संध्याकाळी सातला फोन. त्या वेळेला सातपुत्यांच्या दारावर थाप मारायची नाही, हे बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा जाणून आहे.

तर लिक्विड. पहिला फ्लेवर कैरीच्या पन्ह्याचा निघाला. तो ठीक होता. जिन्यात वेलदोड्याचा वास दरवळायचा आणि लोक आमच्या दारावरची घंटा वाजवून आज काय विशेष, असं विचारायचे. मग श्रीखंड झालं, मग विडा. मग कोकम झालं, आणि सातपुत्यांचा घसा धरला.

“घसा ट्रिप होतोय,” सकाळी लिफ्टमध्ये ते म्हणाले. त्या दिवशी उखाण्याची दुसरी ओळ खोकल्यात गेली.

मी काय सांगणार? मिठाच्या गुळण्या करा आणि ते यंत्र बंद ठेवा, एवढं सांगितलं. हे ऐकून त्यांनी माझ्याकडे ज्या दयेनं बघितलं, त्याच दयेनं मी कधीकाळी शाळेत पहिली-ब मधल्या मुलांकडे बघत असे.

“वहिनी, गुळण्या म्हणजे फॉल्टवर पोतेरं फिरवणं. नलूपण तेच सांगायची. आणि प्लांट बंद करून फॉल्ट कुणीही शोधेल. चालू प्लांटमध्ये शोधतो, तो इंजिनिअर.”

“मग खोकत बसा.”

“खोकला चालेल. आवाज जायला नको. सातचा फोन आहे.”

इथून पुढे चालू प्लांटमध्ये फॉल्ट शोधणं सुरू झालं.

पहिला संशयित एसी. कोरडी हवा घसा सोलते, म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातली सगळ्या जाळ्या-फिल्टरं काढून धुतली. फरक पडला नाही, तेव्हा हवेचा डक्ट कॉमन असतो म्हणून आमचीही धुतली. आमच्या जाळीतून जे निघालं, ते त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवून तुमच्या आजोबांना दाखवलं. आजोबांनी त्यावर पुढचे दोन दिवस जेवताना चर्चा केली. घसा तसाच.

दुसरा संशयित पाणी. इथलं पाणी समुद्राचं गोड केलेलं, त्यात काहीतरी राहत असणार. आठवडाभर ते बाटलीतलं पाणी प्यायले. अंघोळही त्याच पाण्यानं करावी का, असा विचार चालू होता, पण त्याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं. घसा तसाच.

मग गाडी लिक्विडवर आली. पण तिथेही पद्धत सोडली नाही. एका वेळी एकच गोष्ट. आधी पातळ करायचा द्रव कमी केला, कारण तो जास्त झाला तर घशाला चरे पडल्यासारखं होतं म्हणे. मग ग्लिसरीन इतकं वाढलं की यंत्रातून ढग नाही, धुकं निघायला लागलं. पुढे निकोटीन कमी केलं. त्यानं घशाला बरं वाटायला हवं होतं, पण निकोटीन कमी पडलं म्हणून ते दुप्पट ओढू लागले आणि हिशेब जिथल्या तिथे. मग यंत्राच्या आतली तार आणि कापूस बदलला. जुना कापूस त्यांनी मला आणून दाखवला. काळा कुळकुळीत.

“बघा, हा जळका कापूस घशात जात होता.”

“म्हणजे आग नाही, राख नाही, ही गोष्ट खोटीच ना?” मी विचारलं.

ते म्हणाले, “मुद्दा तो नाही,” आणि कापूस घेऊन परत गेले.

या काळात बिल्डिंगनं एकदा फायर अलार्मही अनुभवला. घरातली हवा संशयित असल्यामुळे सातपुते जिन्यात उभे राहून चाचणी घेत होते, कोकम विरुद्ध विडा. धुकं वरच्या डिटेक्टरला लागलं. रविवारची दुपार, सगळी बिल्डिंग चपलांत आणि लुंग्यांत खाली उतरली. तुमचे आजोबा टीव्हीचा रिमोट वाचवून घेऊन आले होते. वॉचमन धावत होता, “साब, आग किधर है?” आणि सगळ्यांच्या शेवटी सातपुते शांतपणे उतरले. हातात स्क्रूड्रायव्हर. म्हणाले, “डिटेक्टर फार सेन्सिटिव्ह आहे. फॉल्टी. मी बघून देतो.” वॉचमननं नाक वर करून हवा हुंगली आणि विचारलं, “साब, ये पान कौन खाया?”

आवाज मात्र दिवसेंदिवस बसत चालला. लिफ्टमधले उखाणे आता घोगरे झाले. सुपरमार्केटमध्ये भाजीपाशी भेटले, तेव्हा म्हणाले,

“ट्रॉलीत ठेवला कोबी, वर ठेवला पालक,
नलू माझ्या गाडीची एकमेव चालक.”

पण ‘चालक’ म्हणताना स्वर चिरकला आणि पलीकडे वांगी निवडणाऱ्या बाईनं दचकून मागे बघितलं. सातपुते पुढच्या क्षणी हळूच तीच ओळ परत म्हणाले. मग आणखी एकदा, ‘एकमेव’ वर जोर देऊन. मला वाटलं, या माणसाला श्रोते मिळायला हवेत, मग ते वांग्यांपाशी का असेनात. मी घाईनं कोथिंबिरीकडे वळले.

नंतर त्यांनी जे केलं, ते आपल्या माणसाशिवाय दुसरं कुणी करणार नाही. घसा बसला की आपण ज्या काळ्या गोळ्या चघळतो, ज्येष्ठमधाच्या, जिभेला काळा डाग ठेवणाऱ्या, त्यांचा सांगलीहून आलेला डबाच सातपुत्यांकडे होता. सातपुत्यांनी विचार केला, गोळी चघळली तर औषध घशाच्या वरवर लागणार. पण वाफ तर थेट आतपर्यंत जाते. तेव्हा औषधच वाफेत घालावं. त्यांनी गोळ्या खलून लिक्विडमध्ये विरघळवल्या, वर लवंगेच्या तेलाचे थेंब सोडले, बाटली हलवली आणि शनिवारी दुपारी चारच्या चहाला आमच्याकडे घेऊन आले. रंग डांबराचा.

“रोगात औषध मिसळलं,” मिशीआड हसत, कुजबुजल्यासारख्या आवाजात ते म्हणाले. त्यांचा पूर्ण आवाज एव्हाना तेवढाच उरला होता. “आता ओढू तितका घसा सुधारणार.”

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी लांबलचक झुरका घेतला.

पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तुमच्या आजोबांनी पाठीवर थापट्या मारल्या, मी पाणी दिलं, आणि सगळं शांत झाल्यावर सातपुत्यांनी “ठीक आहे” असं म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. हवाच. त्यांनी गळ्याला हात लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तोपर्यंत मला थोडं हसू येत होतं. ते बघितल्यावर थांबलं.

मागच्या गल्लीत एक क्लिनिक आहे, तिथे घशाची डॉक्टरीण बसते. मल्याळी, तरुण, कुणाचंही ऐकून न घेणारी. मी त्यांना तिथे नेलं. दोघांच्या वतीनं मीच बोलत होते. तिनं नळी घालून घसा बघितला, छातीचा फोटो काढायला लावला, आणि मग ती डांबराची बाटली उजेडात धरली.

आत तेल आहे का, तिनं विचारलं. मी म्हणाले, लवंगेचं. तिनं बाटली टेबलावर जरा जोरात ठेवली. तेल पोटात गेलं तर पचतं, फुप्फुसात गेलं तर तिथे त्याचं काय करायचं ते फुप्फुसाला माहीत नसतं, असं तिनं मला शाळेतल्यासारखं समजावलं. या वेळी फोटो साफ आला, नशीब समजा. हे तुम्हा दोघांपैकी ज्याच्यासाठी आहे, त्यानं नीट वाचावं.

सातपुते फोनवर टाइप करत होते. त्यांनी स्क्रीन तिच्यापुढे धरली. इंग्रजीत लिहिलं होतं, की कृपा करून एका वेळी एकच गोष्ट बदलू, म्हणजे फॉल्ट कशात आहे ते कळेल.

डॉक्टरीण हसली. म्हणाली, “करेक्ट, अंकल. ओन्ली वन थिंग.” आणि त्यांच्या खिशातून डोकावणारं ते यंत्र दोन बोटांनी काढून टेबलावर ठेवलं. “धिस.”

सातपुत्यांनी फोन परत हातात घेतला. मग टाइप केलं, मग कोणता घटक वाईट होता ते कसं कळणार?

“इन्शाल्ला, नेव्हर,” ती म्हणाली, आणि आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही, असं बजावून तिनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येईपर्यंत सात वाजायला आले होते. मला वाटलं ते आपल्या दाराकडे जातील. ते आमच्या सोफ्यावर येऊन बसले, फोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. स्क्रीनवर मराठीत लिहिलं होतं. “आज तुम्ही बोला. मी बसतो शेजारी.” खाली दोन ओळी होत्या. उखाण्याच्या.

तेवढ्यात फोन वाजलाच. त्यांनाही ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर घेतला. सांगलीहून, नलूची बहीण शकू. मी सांगितलं, भावोजींचा घसा बसलाय, डॉक्टरनी बोलायला मनाई केली आहे, मी समोरच्या घरातली.

“अहो मग कसं करायचं? ती ताटावर बसलीये. भावोजींनी नाव घेतल्याशिवाय जेवत नाही ना ती.”

मला नीट कळेना. मी विचारलं, तेव्हा शकूनं घाईघाईनं सांगितलं. पूर्वी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. पण नलू स्क्रीनकडे बघून विचारायची, हे म्हातारे कोण? आमचे हे नव्हेत, आमच्यांचे केस काळे आहेत. ती घाबरायची, फोन ढकलून द्यायची. मग एके दिवशी भावोजींनी कंटाळून, चेहरा न दाखवता, लग्नातल्यासारखा उखाणा घेतला. तर ही हसली. “आले हो,” म्हणाली, आणि जेवली. तेव्हापासून रोज एक. आणि रोज नवीन हवा. दुपारी काय जेवलो ते तिला आठवत नाही, पण कालचाच उखाणा घेतला तर तिला बरोबर कळतं. म्हणते, हे काल झालं.

मी सोफ्याकडे बघितलं. सातपुते आमच्या टीपॉयवरच्या फुलदाणीचं निरीक्षण करत होते, जसा काही तिच्यात फॉल्ट असावा.

लिफ्ट. भाजीपाशी. ‘एकमेव’ वर तो जोर. ती सगळी सातच्या फोनची तालीम होती.

“फोन द्या तिच्याकडे,” मी शकूला म्हणाले.

फोनवर श्वास ऐकू आला. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी. मी चष्मा सारखा केला. आयुष्यात मी वार्षिक संमेलनात भाषणं केली आहेत, पालकसभा सांभाळल्या आहेत, पण त्या दोन ओळी मी आधी दोनदा मनात म्हणून बघितल्या. मी वाचलं,

“दुबईच्या वाळूत खजुराची रांग,
नलूचं नाव घेतो, जेवलीस का सांग.”

मग नलूचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा ठणठणीत.

“कोण गं तू?”

मी काही बोलायच्या आत पुढचं आलं. “माझं नाव घ्यायला तू कोण लागून गेलीस? नाव घ्यायची हौस आहे तर स्वतःच्या नवऱ्याचं घे की.”

तुमचे आजोबा पेपरच्या मागे हसले. मला त्यांच्याकडे बघायलाही सवड नव्हती. पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला, शकू “अगं थांब” म्हणत होती, आणि नलूचा सूर चढत होता. आमच्यांचा फोन कुठे आहे, ही बाई कोण, मला घरी सोडा. मी “नलू, मी समोरची” म्हणून बघितलं. तिला समोर कुणी आठवेना.

सातपुत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

मी बोटानं नाही नाही केलं. डॉक्टरीण, आठवडा, एक शब्दही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. डोळे मिटून त्यांनी दम घेतला आणि उखाणा घेतला. त्याला आवाज म्हणता येणार नाही. जुन्या पंपातून आधी हवा, मग गंज, मग थेंब थेंब पाणी यावं, तसं काहीतरी येत होतं. ‘खजुराची’ मध्ये तुटलं. ‘नलूचं’ मात्र स्पष्ट आलं. ‘जेवलीस का’ नंतर पुढचं गेलंच.

पलीकडे सगळं थांबलं. मग नलू म्हणाली,

“अहो.”

सातपुते ऐकत होते.

“पुन्हा ओढायला लागलात ना?”

एसी, पाणी, ग्लिसरीन, तार, कापूस, कोकम. दोन महिने. आणि जिला स्वतःचं घर आठवत नव्हतं, तिनं अर्ध्या ओळीत फॉल्ट काढला.

सातपुत्यांनी लहान मुलासारखी मान हलवली. फोनवर ते दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असेलच, पण दुसरं काही करता येत नव्हतं.

“माझ्या गळ्याची शपथ घातली होती,” नलू म्हणाली. रागानं नाही, आठवल्याच्या आनंदानं. “मिठाच्या गुळण्या करा. गरम पाणी घ्या. आणि झोपा. मी जेवते आता.” मग फोनपासून लांब जात शकूला, “वाढ गं, आमटी निवली.”

फोन बंद झाला. सातपुत्यांनी तो मांडीवर ठेवला. मग त्यांनी खिशातून ते यंत्र काढलं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरून त्यांनी ते परत कधी उचललं, ते मी पाहिलंच नव्हतं. त्यांनी ते आमच्या फुलदाणीशेजारी ठेवलं, फोनवर एकच शब्द टाइप केला आणि मला दाखवला. “शटडाउन.”

आणि त्याच्याखाली थोड्या वेळानं, “मीठ आहे का?”

मी पाणी तापवलं. ते आमच्या बेसिनपाशी उभं राहून गुळण्या करत होते, तेव्हा पेपरामागून तुमचे आजोबा म्हणाले, “चिलर सुरू झाला वाटतं.” मी त्यांना गप्प केलं. पण आवाज खरोखरच तसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. गळ्याला मफलर, एवढ्या गरमीत. हातात दुधाची कॅन. दार बंद झालं आणि सवयीनं माझी नजर पाटीकडे गेली. आठ माणसं. त्यांनी कोपरानं मला हलकेच ढोसलं आणि फोन पुढे केला.

“आजचा शकूकडून वाचून घेईन. सख्ख्या बहिणीला ती ‘तू कोण’ म्हणणार नाही. पण अडलोय. ‘गुळणी’ला यमक?”

मी विचार केला. “चाळणी,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. चाळणीत नलू बसत नव्हती.

“फोडणी?”

त्यांनी डोळे बारीक करून हवेत दोन बोटं फिरवली, मोजल्यासारखी. जमण्यासारखं होतं, पण पहिली ओळ हवी होती. लिफ्ट वर निघाली. मी पाटी वाचायची सोडून दिली होती. चौथा मजला येईपर्यंत आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत, ओठ हलवत उभे होतो.